कुठला दाखला

माझ्या ब्लॉगवरच्या एका वाक्यातून मी एक शब्द काढला आणि त्यामुळे आमच्या वाडीतल्या एका मुलीचं नाव शाळेच्या पटावरून कमी झालं. मुलगी नववीत होती. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली तेव्हा गप्प बसले. आज लिहिते आहे ते त्या शब्दापेक्षा त्या गप्प बसण्याबद्दलच जास्त आहे.

आमची वाडी किन्हवलीच्या पुढे, गाव संपल्यावर लागते. वीस-बावीस घरं. स्वतःची जमीन कुणाचीच नाही. पावसात लोकांच्या शेतावर लावणी, मग कापणी, आणि भात झोडून झालं की बरीचशी घरं वीटभट्टीवर निघून जातात. या वाडीतून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ते एकटीच्या बळावर झालेलं नाही. हायस्कूलच्या सरांनी मला आपल्या मुलीची जुनी पुस्तकं दिली. बारावीच्या परीक्षेत आई आजारी होती, तेव्हा शेजारच्या काकीने महिनाभर आमच्या घरचं पाणी भरलं. ‘तू वाच, हंडा मी बघते,’ एवढंच म्हणायची. जिच्या मुलीचं नाव कमी झालं ती हीच काकी.

पदवी झाल्यावर मला शहापूरला एसटी स्टँडमागच्या एका दुकानात काम मिळालं. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. दाखले, शिष्यवृत्त्या, रेशनकार्डात नाव वाढवणं, सगळं तिथे चालतं. तिथे बसून मला रोज एक गोष्ट दिसायची. माणसं लांबून येतात, एखादा कागद विसरलेला असतो, आणि परत जातात. उंबरमाळीच्या बाजूचे एक बाबा एकाच फॉर्मसाठी तीनदा आले. पहिल्यांदा फोटो नव्हता, दुसऱ्यांदा आधारकार्ड घरी राहिलं, तिसऱ्यांदा सगळं होतं पण साइट बंद होती. ते पिशवीची घडी घालून उठले. कुठल्या कामाला कुठले कागद लागतात हे कुठेतरी सोप्या मराठीत लिहून ठेवलं तर लोकांचा एखादा तरी हेलपाटा वाचेल, असं मला वाटलं. त्यातून ब्लॉग सुरू झाला. हेतू चांगला होता, हे मी अजूनही म्हणते. पण पहिल्या दिवसापासून त्या हेतूत दुसरंही काही मिसळलेलं होतं.

ब्लॉग उघडला तेव्हा मी जांभळी पार्श्वभूमी घेतली. चहूबाजूंनी झेंडूच्या फुलांची वेल. वर ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही ओळ उजवीकडून डावीकडे सरकत राहायची. कोपऱ्यात काटे फिरणारं घड्याळ. मथळे पिवळे. आणि भाषा अशी: सदर, उपरोक्त, तदनंतर, विहित नमुना. मी आयुष्यात पाहिलेले जे जे कागद महत्त्वाचे होते, ते सगळे याच भाषेत बोलायचे. आपलं लिखाण महत्त्वाचं वाटायचं तर असंच लिहायला हवं, अशी माझी समजूत. स्वतःबद्दलच्या रकान्यात मी ‘शहापूर येथील लेखिका’ असं लिहिलं. वाडीचं नाव लिहिलं नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी काही विचारलं तेव्हा मी उभी राहून ‘नाय’ म्हटलं होतं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच नाकात म्हणून दाखवलं होतं. त्यानंतर मी नाही, आम्ही, तुम्ही असं जपून बोलायला शिकले. घरी गेले तरी तसंच बोलायचे. आई म्हणायची, पाहुनी आली.

मुरबाडला एका वाचनालयात ब्लॉग लिहायला शिकवणारा वर्ग निघाला. तीन रविवार, मोफत. शिकवणाऱ्या ताई पूर्वी वर्तमानपत्रात होत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी प्रत्येकाचा ब्लॉग भिंतीवर मोठा करून दाखवला. माझा उघडला तशी वरची ओळ सरकायला लागली आणि मागे खसखस पिकली. ताई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘पत्रिका छान आहे. मुहूर्त कधीचा?’ मग मात्र सगळेच हसले. मीही हसल्यासारखं केलं. कान इतके तापले होते की पुढचा अर्धा तास त्या काय सांगत होत्या ते मला कळलं नाही.

पण त्यांनी जे शिकवलं ते खरं होतं. वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, मग लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा. अक्षर मोठं ठेवा, रंग कमी करा. बहुतेक लोक फोनवर वाचतात, तेव्हा फोनवर उघडून बघा, आणि उन्हात उभं राहून बघा. वाक्य लहान करा. जो शब्द काढून चालतं तो काढा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी आल्यावर हसण्याचा राग होताच, त्या रागात ब्लॉग दुरुस्त करायला बसले. वेल गेली, घड्याळ गेलं, सरकणारी ओळ गेली. जांभळ्याचा पांढरा केला. मथळ्यांचा पिवळा रंग तेवढा ठेवला, कारण तो मला फार आवडायचा. फोनवर एकदा उघडून बघितलं, घरातच, खाटेवर बसून.

मग वाक्यं लहान करायला घेतली. मुलींच्या शिष्यवृत्तीवर एक लेख होता. त्यात वाक्य होतं: ‘सदर योजनेकरिता पालकांनी सर्वप्रथम उत्पन्नाचा दाखला काढावा व तदनंतर अर्ज सादर करावा.’ वरच्या मथळ्यात ‘उत्पन्नाचा दाखला’ असं लिहिलेलंच होतं. खाली परत कशाला? ‘उत्पन्नाचा’ काढून टाकला. वाक्य एका शब्दाने लहान झालं. ‘सदर’ आणि ‘तदनंतर’ काढता आले असते, पण ते राहू दिले. ते काढले असते तर वाक्य कुणीही लिहिल्यासारखं दिसलं असतं.

आता दाखल्याबद्दल सांगायला हवं. दुकानात दाखला म्हणजे दहा प्रकारचे कागद. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, जन्माचा. आमच्या वाडीत दाखला एकच. शाळेचा. आणि दाखला काढला म्हणजे शाळा सुटली, पोर आता कामाला. मी तिसरीत असताना माझ्या मोठ्या बहिणीचा दाखला काढला होता. त्या दिवशी घरात झालेलं बोलणं मला अजून शब्द न् शब्द आठवतं. म्हणजे या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, असं म्हणायला मला जागा नाही. ताई म्हणाल्या होत्या, वाचणारा डोळ्यांसमोर आणा. मी आणला होता. माझ्या डोळ्यांसमोर त्या ताईच होत्या.

लेख तयार झाला तसा मी तो वाडीतल्या बायकांच्या फोनवरच्या ग्रुपवर पाठवला. शिष्यवृत्तीचा उपयोग त्यांच्या मुलींना व्हावा असं मला खरंच वाटत होतं. आपण लिहितो हे त्यांना दिसावं, असंही वाटत होतं. दोन दिवसांनी काकीचा फोन आला. दुकानात गर्दी होती. तिने विचारलं, आधी दाखला काढायचा का? मी म्हटलं, हो, आधी दाखला. ती म्हणाली, ‘पन बाय, दाखला काढला की मग ती शालेत...’ माझ्यासमोर एक गृहस्थ कागद पुढे सरकवत होते. मी म्हटलं, ‘काकी, सगळं लिहिलंय त्यात. पोरीला नीट वाचायला सांगा.’ आणि फोन ठेवला.

पोरीने नीट वाचलं होतं. नंतर तिने मला दाखवलं कसं वाचलं ते. फोनची काच तडकलेली, पांढऱ्यावरचा पिवळा मथळा उन्हात दिसतच नव्हता. मथळ्याच्या जागी कोरी जागा आणि खाली काळ्या अक्षरात: पालकांनी सर्वप्रथम दाखला काढावा. तिला वाटलं, दाखला फॉर्मसोबत वर पाठवायचा असेल आणि मग तो शाळेत परत येत असेल. लिहिलं होतं मी, म्हणजे खरंच असणार.

आठ-दहा दिवसांनी काकी दुकानात आली. पोर बरोबर होती, युनिफॉर्ममध्ये नाही, घरच्या कपड्यांत. काकीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘घे. काढला. आता फारम भर.’

शाळा सोडल्याचा दाखला होता. शाळा सोडण्याचे कारण, या ओळीपुढे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं. मी तो दोनदा वाचला. काकी सांगत होती की हेडसरांनी जास्त विचारलं नाही, भट्टीवर चाललात का, एवढंच म्हणाले, आणि मी काय बोलणार, मान हालवली. बाय सांगते तसं करावं म्हणलं. मी विचारलं, शाळेत कधीपासून गेली नाही ही? पोरगी म्हणाली, ‘गुरुवारपासून. पटावर नाव नाय म्हणून बाहेर बसवलं, मग मी आले घरी.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती माझ्या कॉम्प्युटरकडे बघत होती, फॉर्म कधी उघडते म्हणून.

मी त्यांना दुकानाबाहेर घेऊन गेले आणि सांगितलं की दुसरा दाखला हवा होता. काकीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर तोंडावर धरला आणि पोरीला म्हणाली, ‘बापाला सांगू नको.’

पण बापाला ते आधीच कळलं होतं. काका वाईट माणूस नाही. त्याचं गणित सरळ होतं. भट्टीची गाडी अमावस्येनंतर येणार. वाडीतून सगळेच जाणार. धाकटा दोन वर्षांचा. शाळा सुटलीच आहे तर पोरगी येईल, भाकऱ्या करील, धाकट्याला बघील. मागच्या वर्षी शाळा होती म्हणून ती आजीजवळ राहिली होती. आता कशासाठी राहायचं? काकी त्याला म्हणाली, नाव परत लागलं तर? तो म्हणाला, ‘गाडी येच्या आधी लागलं तर ऱ्हाऊ दे. नाय लागलं तर चढंल गाडीत.’ अमावस्येला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि काकीबरोबर शाळेत गेले. हेडसर म्हणजे ज्यांनी मला पुस्तकं दिली तेच सर. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शिपायाला चहा सांगितला आणि बाजूच्या खोलीतल्या दोन बाईंना बोलावून दाखवलं, ही बघा, आपल्या शाळेची, ग्रॅज्युएट झाली, आता लोकांना मार्गदर्शन करते, ऑनलाइन लिहिते. बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. काकी दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि मीही म्हटलं नाही, कारण सर माझ्याशी बोलत होते.

मग आम्ही काम सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, पोरगी हुशार, मला वाईट वाटलं होतं, पण दरवर्षी या दिवसांत दोन-चार नावं अशी जातातच, भट्टीवर चालले असतील म्हणून मी फार विचारलं नाही. रजिस्टरला नाव कमी झालंय, ऑनलाइनही झालंय. आता पुन्हा प्रवेशाचा अर्ज, आणि तालुक्याच्या शिक्षण विभागाचं पत्र लागेल. ते बोलता बोलता थांबले आणि काकीला म्हणाले, ‘पण तुम्हाला दाखला काढायला सांगितलं कुणी?’

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं: मी. एक अक्षर. बाई अजून तिथेच होत्या, चहाचा कप माझ्या हातात होता.

काकी म्हणाली, ‘कुनी नाय सर. माझंच आयकायला चुकलं. आमाला काय कळतंय.’

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवलं असं तिला वाटत होतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तिला खरंच तसं वाटत असेल, की चूक ऐकणाऱ्याचीच असते. सरांनी मान हलवली आणि माझ्याकडे कोरा कागद सरकवला. अर्ज तूच लिही, म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. कारण स्पष्ट लिही, पत्र लवकर मिळेल.

दुकानात असल्या अर्जांचे नमुने मी शेकड्यांनी टाइप केलेत. हात आपोआप चालला. ‘माझ्या अज्ञानामुळे माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्याकडून काढण्यात आला.’ काकी म्हणाली, काय लिवलंस ते वाच. मी वाचून दाखवलं. तिने विचारलं, ‘अज्ञान म्हंजे?’ मी म्हटलं, माहीत नसणं. ती म्हणाली, ‘हां, ते खरं हाय,’ आणि खाली एकेक अक्षर जोडत सही केली. ती सही करायला तिला मीच शिकवलं होतं, मी सहावीत असताना.

पुढचे दिवस धावपळीत गेले. अर्जावर सरांची शिफारस, मग शहापूरला तालुक्याचं कार्यालय. तिथले साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी मीटिंग, तिसऱ्या दिवशी सही झाली पण शिक्का राहिला. कुणी त्रास दिला असं नाही, कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. दुकानदाराने माझ्या सुट्ट्यांवरून दोन शब्द ऐकवले ते ऐकून घेतले. पत्र हातात पडलं तेव्हा अमावस्येला दोन दिवस होते. मी ते स्वतः शाळेत नेऊन दिलं आणि सरांनी माझ्यासमोर रजिस्टरला नाव चढवलं. पोरीचे सोळा दिवस बुडाले होते. सहामाहीचा एक पेपर हुकला, तो सरांनी नंतर घेतला.

गाडी आली तेव्हा मी वाडीतच होते. काका धाकट्याला घेऊन चढला. बोचकी, कोंबड्या, पातेली. पोरगी आजीजवळ खाली उभी होती. पोरीचं नाव परत जाईल या भीतीने त्या वर्षी काकीही मागे राहिली, जवळपासच्या मजुरीवर. त्यांच्या घरातून भट्टीवर एकच हात गेला, आणि काकी दिवसभर मजुरीवर, आजीला आवरत नाही, म्हणून लहान पोराला त्या एका माणसाने सांभाळायचं ठरलं. त्याचं काय झालं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. पोरगी राहिली याचाच मला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

ब्लॉग मी महिनाभर उघडला नाही. बंदच करणार होते. पण तो लेख तिथे होता आणि कुणीतरी तो वाचत असणार, हे डोक्यातून जाईना. शेवटी एका रविवारी काकीच्या अंगणात बसले. पोरगी माझा लेख मोठ्याने वाचायची आणि काकी निवडणं करता करता ऐकायची. तिला जिथे कळणार नाही तिथे तिने हात वर करायचा, असं ठरलं. पहिल्याच शब्दाला तिने हात वर केला. ‘सदर म्हंजे? सदऱ्याचा काय?’ पोरगी हसून हसून आडवी झाली. ‘विहित’ला पोरीनेच सांगितलं, विहिरीचं काहीतरी असेल. त्या दुपारी लेखातले निम्मे जुने शब्द गेले आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘तुम्ही’ आलं. दाखला हा शब्द जिथे जिथे होता तिथे कुठला, कोण देतं, आणि तो शाळेचा नाही, हे लिहिलं. मथळे काळे केले. फोन उन्हात धरून बघितला. एवढं घातल्यावर लेख उलट आधीपेक्षा लांब झाला. मुरबाडच्या त्या वर्गात कदाचित तो कुणाला आवडला नसता.

वर मी एक ओळ घातली की या लेखात आधी चूक होती आणि तिचा एका मुलीला त्रास झाला. ती ओळ लिहून झाल्यावर काकीला म्हटलं, मी सरांकडे जाते आणि अर्जातलं खरं काय ते सांगते. तुमच्या नावावर ते अज्ञान नको.

काकीचा हात थांबला. ‘नको गो,’ म्हणाली. ‘पोरीचं नाव लागलंय. आता तो कागद कुनी हालवू नका.’

मी म्हटलं, कागद हलणार नाही, मी नुसतं सांगेन. ती म्हणाली, सांगितलं की ते विचारतील, विचारलं की लिहितील, लिहिलं की परत शहापूर. दहावीचा फॉर्म जाऊ दे, मग काय ते सांग. तिच्या भीतीला आधार नव्हता हे मला माहीत होतं. पण कागदांबद्दल माझं ऐकून तिने एकदा बघितलं होतं. मी गेले नाही.

शिष्यवृत्तीची मुदत त्या वर्षी निघून गेली. पुढच्या वर्षासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवू म्हणून एप्रिलमध्ये मी काकीला घेऊन शहापूरला तहसील कचेरीत गेले. कागद मीच तपासून घेतले होते, ती नुसती रांगेत उभी होती आणि मी तिच्या मागे. पुढे लांबच्या गावची एक बाई होती, सुनेच्या नावाचं काही काम घेऊन आलेली. रांगेत गप्पा होतात तशा झाल्या. काकीने तिला सगळी गोष्ट रंगवून सांगितली, दाखला कसा काढला, सरांनी कसं बघितलं, नवरा कसा बोलला. बाई हसत होती. ‘अशी मी येडी,’ काकी म्हणाली. ‘शालेचाच काढून आनला.’

‘काकी येडी नाही,’ मी म्हटलं. ‘मी चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी फोन ठेवला.’

बाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं, ही कोण मध्येच, अशा नजरेने. काकीने माझा हात दाबला. मी आणखी काही बोलणार होते, सरांचं, अर्जाचं. पण बाईचं लक्ष पुढे गेलं होतं.

‘सरका गो,’ ती म्हणाली, ‘खिडकी उघडली.’